मर्लचे जादा पट्टे

एप्रिलमध्ये पहिलं गवत वाढलं तेव्हाच माझ्या मुलाने, कर्टिसने, मला अट घातली. "आई, लॉन तू स्वतः कापतेस तोवर इथे राहा. दुसऱ्या कुणाला कापावं लागलं की हे घर विकायचं आणि तू वृद्धाश्रमात. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. एकोणऐंशी वर्षांच्या बाईला मुलं अशीच दमात घेतात आणि वर पाठीवरून हात फिरवतात.

ओहायोतल्या आमच्या गल्लीत कुंपणं नाहीत. माझं गवत कुठे संपतं आणि शेजारच्या मर्ल व्हॉसचं कुठे सुरू होतं, ते कापणीवरूनच कळतं. सीमेपलीकडे मशीनचा एक पट्टा जादा मारायचा, हा शेजारधर्म. दोन मारले तर आगाऊपणा. मे महिन्यात मर्लने तीन मारले.

"मर्ल, नजर गेली का तुमची?" मी अंगणातून ओरडले.

"मदत करतोय, लॉरेटा! तुमचं वय झालं आता." आपल्या बसून चालवायच्या मशीनवर तो राजासारखा बसला होता. "माझ्या लेकीनेही, डनीसने, मला तुमच्या कर्टिससारखीच अट घातलीय. पण मला कसली भीती? मी बसून कापतो."

स्वतः अठ्ठ्याहत्तरचा. मेला.

माझं मशीन ढकलायचं, दोरी ओढून सुरू करायचं. चौथ्या हिसक्याला ते धडधडायचं आणि खांदा रात्रभर ठणकायचा. तरी जूनभर आठवड्यातून दोनदा मी कापत होते. मग एका मंगळवारी दातांच्या डॉक्टरकडून परतले, तर समोरचं अख्खं लॉन कापलेलं! संध्याकाळी कर्टिसचा फोन.

"आई, मर्लकाका म्हणाले तुला झेपत नाही."

"मर्लकाकाला म्हणावं, स्वतःच्या दारात बघ!"

"चिडू नकोस. या वेळी सोडून देतो. पुन्हा असं झालं तर घर विकायला काढणार."

त्या दिवसापासून मी मर्लशी बोलणं टाकलं. दातांची कवळी ढिली झाली तरी डॉक्टरकडे गेले नाही. ओट्यावर खुर्ची टाकून लॉनची राखण करत बसले. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊसच नव्हता, गवत करपून पिवळं पडलं, तेव्हा कुठे दोन्ही घरांत शांतता होती. भांडायला गवतच उरलं नव्हतं.

सप्टेंबरात पाऊस आला आणि मर्लचा गुडघा बदलला. माझं लॉन कापलेलं, त्याचं नडगीपर्यंत वाढलेलं. ते बघून मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? शनिवारी डनीस येणार, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं.

शनिवारी दव वाळताच मी दोरी ओढली. मशीन पहिल्याच हिसक्याला सुरू झालं. सीमा ओलांडून मी सरळ मर्लच्या गवतात शिरले. वॉकर आपटत तो दारात आला.

"लॉरेटा, नको! आज नको. पोरगी येतेय. सोमवारी कुणाला तरी बोलावतो, हात जोडतो."

"मदत करतेय, मर्ल. तुमचं वय झालं आता."

निम्मं लॉन कापून झालं तेव्हा डनीसची गाडी आली. तिने आधी बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काकू, तुम्ही कापताय? बाबा तर म्हणत होते, सगळं तेच करतात."

आज पहिल्यांदाच कापतेय, एवढं सांगायचं होतं. मी म्हणाले, "झेपत नाही गं त्यांना."

मर्ल वॉकर वळवून आत गेला.

ऑक्टोबरात त्याच्या अंगणात 'विकणे आहे' अशी पाटी लागली. नोव्हेंबरात मी वर्षाची शेवटची कापणी केली आणि सीमेपलीकडे एकच पट्टा मारला. कुणासाठी, ते मलाही सांगता येणार नाही.

नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सणाला कर्टिस आला. पाटी बघून दारातच थबकला.

"मर्लकाका गेले? कधी?"

"गेल्या महिन्यात. डनीसने नेलं." मी लॉनकडे बोट दाखवलं. "हे बघ. सगळं मी कापलंय. स्वतः."

"बघितलं. पण खरं सांगू, आई? दर रविवारी मी त्यांना फोन करायचो. तुझ्या घरात दिवा लागला का, पडदे उघडले का, ते सांगायचे. महिनाभर फोन उचलत नव्हते, मला वाटलं गुडघ्यामुळे असेल. ते शेजारी होते म्हणूनच तुला इथे एकटं राहू दिलं."

मी लॉनकडे दाखवलेलं बोट खाली घेतलं. तो कोट न काढताच स्वयंपाकघरात बसला आणि फोनवर वृद्धाश्रमाचा नंबर शोधू लागला.