घोडा कुठाय?

चांदभाईंचा आवाज असा, की मार्केट यार्डात ते भोंग्यात शिंकले की तिकडे धायरीत बोलता बोलता कुणीतरी म्हणायचं, "बघ, सत्य आहे!" खोटं वाटत असेल तर धायरीत जाऊन विचारा. जुनी माणसं आहेत अजून.

अठरा वर्षं ते पळसुल्यांच्या फिल्म कंपनीची रिक्षा फिरवत होते. टपावर भोंगा, दोन्ही अंगांना पोस्टर आणि आत चांदभाई, एक हात हँडलवर आणि एका हातात माइक. कंपनीचा नवा पिच्चर लागला की त्याची गोष्ट पुणेभर सांगत सुटायचं, एवढंच काम. पण त्या सोमवारी मालकांनी, रंगनाथरावांनी, त्यांना ऑफिसात बोलावलं, आणि तिथून निघाल्यापासून चांदभाईंचं बूड कुठे टेकेना.

झालं होतं असं. 'मामींचा मांडव' लागून तिसरा आठवडा, आणि दुपारच्या खेळाला डोअरकीपर धरून चौदा माणसं. गेल्या वर्षीपासून हेच चाललं होतं. रंगनाथरावांची मुलगी नम्रता नव्यानेच आलेल्या कंप्युटर कंपनीत लागली होती. तिने रंगीत खांबांचा एक कागद छापून आणला होता.

"बाबा, पेपरातली परीक्षणं. गेल्या वर्षी पन्नास टक्के चांगली होती, यंदा पंचाहत्तर."

"बघा!" रंगनाथरावांनी टेबलावर थाप मारली. "माल चोख आहे. लोकांना पत्ताच नाही, एवढंच. घरात केबल लागल्यापासून खिडकीतून बाहेर बघतंय कोण? भोंगे वाढवायचे. अकरा रिक्षा, अकरा भोंगे!"

"आणि पुढच्या पिच्चरचं काय?" नम्रताने विचारलं.

"तो थांबेल. त्याच्यासाठी ठेवलंय ते सगळं जाहिरातीत घालायचं. चाललं तर पुढचा पिच्चर, नाहीतर कंपनीला कुलूप."

"साहेब, अकरा रिक्षांना अकरा चांदभाई आणायचे कुठून?" चांदभाई म्हणाले.

"कॅसेट भरायची तुमच्या आवाजाची. गुरुवारी दहाला. मी स्वतः समोर बसणार."

"आणि चाचा," नम्रता म्हणाली, "तोपर्यंत एक सर्व्हे करा ना. लोकांना पिच्चर माहितीय का, एवढंच विचारून या."

रंगनाथराव समोर बसणार म्हटल्यावर चांदभाई उलट्या चपला घालून बाहेर पडले. अठरा वर्षांत मालकांनी त्यांची जाहिरात एकदाही ऐकली नव्हती. राहायला सदाशिव पेठेत. दुपारी एक ते चार त्यांच्या गल्लीत भोंगाच काय, पालसुद्धा हळू चुकचुकायची.

आणि त्या जाहिरातीत एक घोडा होता. पिच्चरमध्ये नव्हता.

पिच्चरमध्ये काय होतं? भाचा लूनावरून मामींकडे येतो, लग्नाची बोलणी होतात, एक चिठ्ठी हरवते, पुन्हा बोलणी होतात, चिठ्ठी सापडते, मांडव पडतो. पहिल्या दिवशी चांदभाईंनी यार्डात हे इमानदारीत सांगितलं. कोंडीराम हमाल पाठीवर पोतं घेऊन घटकाभर थांबला आणि चिठ्ठी सापडायच्या आत निघून गेला. आपली गोष्ट अर्धी टाकून माणूस जातो? चांदभाईंना ते इतकं लागलं की दुसऱ्या फेरीला त्यांच्या तोंडून निघून गेलं, "...आणि तेवढ्यात मांडवात शिरला पांढराशुभ्र घोडा!"

कोंडीराम पोत्यासकट मागे फिरला.

मग काय, घोडा रोज वाढत गेला. मंगळवारी तो एका डोळ्याने अधू झाला. बुधवारी बशीतून चहा प्यायला. शुक्रवारी त्याने कालव्यावरून उडी मारली, आणि तिसऱ्या आठवड्यापर्यंत तो पर्वतीच्या पायऱ्या चढून, रुसलेल्या मामींना पाठीवर बसवून खाली घेऊन आला होता. ऐकणाऱ्यांचे चहा गार व्हायचे.

सर्व्हेला चांदभाई आधी मांजरीला गेले. उसाच्या बांधावर मालनबाई म्हणून एक म्हातारी बसली होती. रिक्षा बघून तिनेच हाक मारली.

"अरं, घोड्यावाला आला!"

"मावशी, आमचा पिच्चर माहितीय का?"

"म्हंजी काय! समदा म्हाईत हाय. मामीला पाठीवर घिऊन उतरतो त्यो."

"बघितलात का पण?"

"आता बघायचं काय ऱ्हायलं? तुमीच तर दावला."

धायरीत एकजण म्हणाला, "आमच्या पाव्हण्यानं बघितला. म्हनला, घोडाच न्हाई. आमी म्हनलं, तू झोपला असशील."

चांदभाईंना पिच्चर माहीत नाही असा माणूस शोधून सापडेना. एका पोराला अडवून विचारलं, तर त्याने घोड्याचं नावसुद्धा सांगितलं. नाव तर चांदभाईंनीही ठेवलं नव्हतं!

शेवटी मार्केट यार्ड. तिथे कोंडीराम वाटच बघत होता. त्याने रिक्षाचं हँडल धरलं.

"चांदभाई, घोडा कुठाय?"

"कसला घोडा?"

"कसला म्हंता व्हय? वीस हमाल घिऊन गेलो पिच्चरला. इंटरव्हलपत्तुर वाट बघितली. म्हटलं, पुढं आसंल. दिवं लागलं तरी न्हाई आला! आता समदे म्हंत्यात, कोंड्यानं फशिवलं. म्या तोंड कुठं लपवू? पोत्यात?"

चांदभाईंना रिक्षा सुरू करायचंही सुधरेना. यार्डाबाहेरपर्यंत ढकलतच नेली.

संध्याकाळी घरी ते माठापासून दारापर्यंत आणि दारापासून माठापर्यंत येरझाऱ्या घालत होते. त्यांच्या बायको, आबेदाचाची, लसूण सोलत बसल्या होत्या.

"अजी, बसा. फरशीला खड्डा पडेल."

चांदभाईंनी सगळं सांगितलं. नम्रताचा कागदही दाखवला. आबेदाचाचींनी तो लांब धरून बघितला. खाली बारीक अक्षरात काहीतरी होतं. ते त्यांनी बोट ठेवून ठेवून वाचलं आणि हसायला लागल्या.

"गेल्या साली पेपरवाले किती आले? दहा. चांगलं म्हणाले पाच. यंदा आले चार, चांगलं म्हणाले तीन. हा टक्का वाढला म्हणायचा? सहा जण तर दारातूनच पळाले. आणि चांगलं म्हणणाऱ्या तिघांना रंगनाथराव साबुदाणा वडे खिलवतात, ते कोण बोलणार?"

"ते सोड. माझं सांग. मालकांसमोर घोडा बाहेर पडला तर माइक गेला माझा. अठरा वर्षांची इज्जत गेली. आणि गप्प बसलो, तर सगळी पुंजी भोंग्यांत जाणार. लोकांना माहीत आहेच, आणखी ओरडून काय? कंपनीच बुडणार."

"कंपनी बुडाल्यावर माइक राहणार का?"

"नाही."

"मग तो दोन्हीकडून जातोच आहे. फिरताय कशाला?"

गुरुवारी दहाच्या ठोक्याला चांदभाई माइक हातात घेऊन उभे राहिले. समोर खुर्चीत रंगनाथराव, शेजारी नम्रता. कॅसेट फिरायला लागली. चांदभाईंनी ठरवलं होतं, आधी जाहिरात नीट भरायची, मग खरं काय ते सांगायचं.

"भाचा येतो लूनावरून..." त्यांनी सुरुवात केली. लग्नाची बोलणी झाली. चिठ्ठी हरवली. त्यांच्या स्वतःच्याच कानाला ते रेशनचं कार्ड वाचल्यासारखं लागत होतं. रंगनाथरावांनी जांभई दिली, मग दुसरी दिली. स्वतःच्याच पिच्चरला! डोळे मिटले, मान कलली.

आता गोष्ट सांगताना समोरचा झोपला तर चांदभाईंनी काय करावं? पाय आधीच जागेवर नव्हते. जीभही सुटली.

"...आणि तेवढ्यात मांडवात शिरला पांढराशुभ्र घोडा!"

रंगनाथरावांचा डावा डोळा उघडला.

मग चांदभाई थांबले नाहीत. चहा झाला, कालवा झाला, पर्वती झाली. शिवाय मांजरीच्या उसात घोडा शिरला, आणि तीन दिवस नुसता ऊस हलताना दिसत होता, हे तर त्यांनाही उभ्या उभ्याच सुचलं. रंगनाथराव खुर्चीच्या कडेला आले. नम्रताच्या हातातलं पेन खाली पडलं, ते तिने उचललंही नाही. मामी पुन्हा रुसल्या, घोड्याकडे पाठ फिरवून उभ्या राहिल्या, आणि नेमकी कॅसेट संपली. खट्ट.

"मग?" रंगनाथराव ओरडले. "मग काय झालं? गेल्या का मामी?"

चांदभाईंनी संपलेली कॅसेट बाहेर काढली.

रंगनाथराव हळूहळू मागे टेकले.

"चांदभाई, आपल्या पिच्चरमध्ये घोडा आहे?"

"नाही साहेब."

"म्हणजे इतके दिवस माझं पेट्रोल जाळून तुम्ही दुसऱ्याच पिच्चरची जाहिरात करत होतात?"

"तो पिच्चर अजून कुणी काढलेलाच नाही, साहेब." चांदभाईंनी माइक टेबलावर ठेवला. हात मोकळा झाला तसं धीरानं बोलले. "सर्व्हे केला मी. लोकांना सगळं माहितीय. तुमचं नाव माहितीय, थेटर माहितीय, मामी माहितीयत. येतात, घोडा शोधतात, आणि नाही म्हणून घरी जातात. एक भोंगा आहे तर वीस हमाल फसले. अकरा लावलेत तर सगळं पुणं फसेल, आणि मग पुढच्या पिच्चरला डोअरकीपरसुद्धा येणार नाही."

नम्रताने रंगीत खांबांच्या कागदाची घडी घातली, आणखी एक घडी घातली, आणि पर्समध्ये ठेवून दिली.

रंगनाथराव उठले. खिडकीपाशी गेले, परत आले, टेबलाला वळसा घालून पुन्हा खिडकीपाशी गेले. आता येरझाऱ्यांची पाळी त्यांची होती. चांदभाई मात्र सोमवारपासून पहिल्यांदाच खुर्चीत बसले. माइक गेला म्हणून धरून चालले होते. आता बसायला काय हरकत?

"रिक्षा एकच राहू दे," रंगनाथराव भिंतीकडे बघत म्हणाले. "पुढच्या पिच्चरचं जे ठेवलंय, ते पुढच्या पिच्चरलाच. आणि तुम्ही उद्यापासून दुपारी माझ्या घरी यायचं. मला पुढचं सांगायचं. नम्रता लिहून घेईल."

"दुपारी, साहेब? एक ते चारमध्ये?"

"एक ते चारमध्ये." हे ऐकून नम्रताच दचकली. रंगनाथराव फोनची डायरी चाळायला लागले. "वरातीचे घोडे देणारा एकजण आहे ओळखीचा. त्याच्याकडे पांढरा नाही, तांबडा आहे. तांबडा चालेल?"

चांदभाई ताडकन उठले.

"नाही चालणार, साहेब. लोकांनी पांढरा बघितलाय."