अखंड निळी रेघ

केशरआत्यानं नकाशा जुन्या लुगड्यात गुंडाळून आणला होता. आण्याच्या पठारावरून दोन एसट्या बदलून ती लोणीला आमच्या घरी आली. जयभीम झाला, पाणी झालं आणि तिनं तो बाबांच्या पलंगावर पसरला. बाबा उठून खुर्चीत जाऊन बसले.

सत्त्याण्णव साली हाच नकाशा चावडीवर टांगून पाटबंधारे खात्याच्या साहेबांनी लोकांना कालवा दाखवला होता. पठारावर पाणी म्हणजे काय, ते टँकरची वाट बघणाऱ्यालाच विचारा. कालव्याच्या कामासाठी कॅम्प हवा होता. आत्यानं आपली दोन एकर दिली. कॅम्प झाला, कालवा मात्र अजून वाटेतच आहे. आता ओस पडलेली ती जमीन परत मिळावी म्हणून तिनं अर्ज केलाय आणि सोमवारी जुन्नरला सुनावणी आहे. कचेरी म्हणते, कालवा नुसता प्रस्तावित आहे, हे तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं.

"रत्ना, तू नकाशेवाली. बघ बरं, कुटं दावलंय तसं?"

मी मंचरला एका सर्व्हेवाल्याकडे नकाशे काढते. हे काम मला बाबांनीच शिकवलं, तेही सरकारी कचेरीत ट्रेसर होते. बांधून झालंय त्याची रेघ अखंड, व्हायचंय त्याची तुटक. पाचवीत मी एकदा तुटकीच्या जागी अखंड ओढली, तर बोटांवर पट्टी बसली होती. माणसं रेघ बघून घर बांधतात, म्हणाले होते.

नकाशावर कालवा अखंड होता. ठसठशीत निळा, धरणापासून थेट आत्याच्या बांधापर्यंत. पठाराची चढण दाखवणाऱ्या रेषा सरळ गाळलेल्या, म्हणजे पाणी वर चढणार कसं, हा प्रश्नच कुणाला पडू नये. आणि अक्षर? तेच वळण माझ्या शाळेच्या वह्यांच्या कव्हरांवर होतं.

आत्या सांगत होती, वकील म्हणतो बिनसहीचा कागद चालत नाही. काढणारा माणूस उभा राहिला, तर जमीन सुटेल.

"आसंल का गं त्यो जित्ता?"

मी बाबांना विचारलं, हे अक्षर कुणाचं? इतक्या वर्षांचं कोण सांगणार, म्हणाले. चहाचं बघ, म्हणाले. मला लई संताप आला. जन्मभर मला खऱ्याचे धडे देणारा हा माणूस सख्ख्या बहिणीसमोर चहाच्या आड लपत होता.

"बाबा, तुमी सांगताय का मी सांगू?"

मग बाबा म्हणाले, साहेबांनी काढायला लावला. नाही म्हटलं असतं तर नोकरी गेली असती. आता साक्ष दिली तर पेन्शनचं काय होईल, कुणी सांगावं.

आत्यानं सगळं ऐकून घेतलं. नकाशाची घडी घातली, ती नीट बसेना म्हणून पुन्हा घातली.

"मला कुटं नकाशा वाचता येत व्हता, दादा," ती म्हणाली. "अंगठा लावायच्या आदी मी तुलाच इचाराय आले व्हते. तू म्हनलास, लाव."