पट्टेरी घोडी

आमची घोडी बघायला लोकं गाड्या करून येत्यात. येऊ द्यात, माझं काय जातंय. तांबडी घोडी, आन छातीपासून बरगड्यांपतोर आडवेतिरपे पांढरे पट्टे, वाघावानी. जावेच्या करिष्मानं तिचा व्हिडिओ मोबाईलवर टाकला, तवापास्नं चाकणच्या पोरांना आमच्या गोठ्याबिगर दुसरी जागाच सुचंना. शिफ्ट सुटली की आले फोटो काढायला. एक तर तिच्या गळ्यात हात टाकून दात काढत हुबा ऱ्हायला. म्हनलं, मेल्या, लाथ बसली म्हंजे कळंल.

"जन्मापासूनच हायेत का पट्टे?" सगळे हेच इचारत्यात. आन आमचे मालक, चिमाजी, खुशाल सांगत्यात, "व्हय तर. हिच्या आईलाबी व्हते."

हिच्या आईला कसले आलेत पट्टे. निव्वळ तांबडी व्हती. म्या सोता चारा घातलाय तिला.

पट्टे दीड वर्साचे हायेत. आमच्याकडं बैलगाडा शर्यतीत बैलांच्या म्होरं घोडी पळती, तिच्या मागं बैलं घाट चढत्यात. घोडीवरच्या गड्याची नजर म्होरं नसती. मागं असती, बैलांवर. बैलं येत्यात का न्हाई ते बघत घोडी दामटायची. आमचा प्रज्वल, एकुलता एक, बारका व्हता तवापास्नं तसाच बसायचा. कंपनीतनं आला की माळावर सराव. त्या दिवशी सकाळीच तिथल्या प्लॉटला कुनीतरी काटेरी तार वढली व्हती. आमाला काय ठावं? मालकांनी खालनं बैलं सोडली. पोरगं मागं बघत हसत व्हतं म्हने. घोडी तशीच तारंत घुसली.

घोडी वाचली. तिच्या जखमा भरल्या, तिथं केस पांढरे उगावले. प्रज्वल गेला.

तवापास्नं मालकांनी घरात त्याचं नाव घेतलं न्हाई. मीबी रडले न्हाई. बाया गळ्यात पडल्या, "मंजुळाबाई, रडा, मोकळ्या व्हा," म्हनल्या, एकीनं तर चिमटा काढला. आगं बया, रडू काय माझ्या पदराला बांधलंय का? दात काढताना सुई मारल्यावर गाल कसा व्हतो, तसं झालंय माझं. कुनी कापलं तरी कळायचं न्हाई.

परवा रावेतचे जयसिंगराव येनार व्हते. त्यांचा तिकडं घोड्यांचा तबेला हाय. फोनवर म्हनले, असल्या पट्ट्यांची घोडी शोधून सापडत न्हाई, मला पैदाशीला पायजे, शिंगरांवर पट्टे उतरतील. मालकांना तेवढंच पायजे व्हतं. घोडी दारातनं जावी, आन जन्माची पट्टेरी म्हनून जावी. म्हंजे ती तार कवा नव्हतीच, तो दिवसबी नव्हता. मग माझं पोर कशानं गेलं? त्याचं मरनबी आता खोटं पाडनार का हे?

पाव्हनं यायच्या आधी मालकांनी भिताडावरचा प्रज्वलचा फोटो हारासकट उतरवला. त्यात तो ह्याच घोडीवर बसलाय, आन घोडीच्या अंगावर एकबी पट्टा न्हाई. फोटो कपाटात माझ्या लुगड्यांखाली सारला. मी समोरच मेथी निवडत व्हते.

"अवो, हे काय चाललंय?"

"चा ठेव," म्हनले.

मी उठले, चा ठेवला. राग यायला पायजे व्हता. आला न्हाई. आलं चांगलं ठेचून घातलं.

जयसिंगराव भला मानूस. चा पिऊन गोठ्यात आले, आधी घोडीच्या कानामागं खाजवलं, मग अंगावर हात लावला. तिनं लावू दिला. बराच येळ न्याहाळून म्हनले, "काका, एकदा नक्की सांगा. जन्मापासूनचेच ना? मागून आले असतील तर पैदाशीला उपयोग नाही."

"जन्मापास्नंच, सायेब. पोराची शप्पत!"

बोलून गेले. सवय. जल्मभर बाजारात ह्यांनी हीच शप्पत घातली.

"कंच्या पोराची?" म्या इचारलं.

जयसिंगराव एकदा मालकांकडं, एकदा माझ्याकडं बघाय लागले. म्या पाव्हन्यांचा हात धरला आन घोडीच्या खांद्यावर ठेवला.

"जरा दाबून बघा, दादा. कातडं कसं गाठीगाठीचं लागतंय? तार हाय ती. काटेरी तार. माझा प्रज्वल वर व्हता."

दीड वर्सांनी ते नाव माझ्याच कानाला परकं लागलं.

"काकू..." जयसिंगरावांनी हात काढून घेतला. "मला खरंच माहीत नव्हतं हो."

"आता झालं म्हाईत. ह्या पट्ट्यात त्याचा पाय अडकला व्हता," मी बोट ठिवून म्हनलं. मला थांबताच यीना. "हितं, बगा."

"तिथं न्हाई."

मालक बोलले. म्या वळून बघितलं. त्ये घोडीजवळ आले, माझं बोट धरलं आन पोटाजवळच्या एका बारक्या, वाकड्या पट्ट्यावर नेऊन टेकवलं.

"हितं अडकला व्हता, मंजुळा," म्हनले. "म्या सोडवला. पाय गरम व्हता गं. म्हनून म्या त्याला हाका मारत बसलो."