एक धंदा एकदाच

क्लबात दातांवर बोलून झालं होतं. कवळीवाल्याचं दुखणं तिथूनच सुरू झालं.

दर शनिवारी संध्याकाळी ड्रायक्लीनरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये गावातली बरी, सुस्थितीतली माणसं जमायची, कुठल्या तरी धंद्यातल्या पाहुण्याला बोलवायची आणि तासभर त्याचं ऐकून घेऊन बिस्किटं खायची. नियम एकच होता : एक धंदा एकदाच. या नियमाच्या मुळाशी अंडी होती. फार पूर्वी एका डॉक्टरने येऊन अंडी खा म्हणून सांगितलं आणि पुढच्याच शनिवारी दुसऱ्याने येऊन खाऊ नका म्हणून सांगितलं. क्लबात अंडीवाले आणि बिनअंडीवाले असे दोन तट पडले, दोघा सख्ख्या भावांनी खुर्च्या लांब सरकवल्या, आणि शेवटी शांतता नांदावी म्हणून ठरलं, की यापुढे कुठल्याही विषयावर एकाच माणसाचं ऐकायचं. म्हणजे खरंखोटं करत बसायला नको.

नियम चांगला होता, पण धंदे संपत आले. वकील, वैमानिक, मधमाश्यावाला, शवागारातला मदतनीस, सगळे होऊन गेले. लिफ्ट दुरुस्त करणारा तर येता येता लिफ्टमध्येच अडकला. त्याचं भाषण क्लबाने लिफ्टच्या दारासमोर खुर्च्या टाकून ऐकलं आणि ते फार रंगलं. गेल्या महिन्यात रस्त्यावर पांढरे पट्टे मारणारा येऊन गेला. तो सरळ बोलला.

कवळीवाल्याने उभी हयात कवळ्या करण्यात घालवली होती. डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचं माप पाठवायचे आणि हा मेणात एकेक दात बसवून त्यातून माणसाचं हसू तयार करायचा. मग डॉक्टरांनी यंत्रं घेतली, लॅब बंद पडली आणि तिच्या जागी गाद्यांचं दुकान आलं. आता बसस्टँडमागे नवी लॅब निघाली होती. तीही यंत्रांचीच, पण तिच्या मालकाला शेवटचा हात फिरवायला एक जुना कारागीर हवा आहे, असं कानावर आलं होतं. यंत्राची कवळी तोंडात बसते पण हसत नाही, असं गिऱ्हाइकांचं म्हणणं पडलं होतं. कवळीवाला तिथे गेला, तर काउंटरवरच्या मुलीने अर्ज कॉम्प्युटरवर करायला सांगितला. कॉम्प्युटरने त्याला यंत्राचा अनुभव विचारला आणि मग त्याचे आभार मानले.

मालक मात्र क्लबाचा सभासद होता. दर शनिवारी दुसऱ्या रांगेत बसायचा.

"म्हणून म्हणतो, मला एक तास दे," कवळीवाला मेव्हण्याला म्हणाला. मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, विमा विकायचा आणि क्लबात वक्ते ठरवायचा. सगळ्यात पहिलं भाषण अर्थातच विम्यावर झालं होतं.

"भावोजी, दात झालेत."

"डेंटिस्ट झालाय. तो दात काढतो, मी बसवतो. हे उलटे धंदे आहेत रे."

"विचारलं मी अध्यक्षांना. ते म्हणाले, तोंड एकच आहे."

"न्हावी झाल्यावर टोप करणारा कसा बोलावलात मग?" बायकोने ओट्यापाशी उभ्या उभ्या विचारलं.

"तेव्हा अध्यक्ष आजारी होते, ताई."

मेव्हण्याने बहिणीकडे पाहिलं, मग भावोजींकडे, मग बराच वेळ टेबलाकडे. विमेवाले वाईट बातमी सांगण्याआधी टेबलाकडेच बघतात.

"एक जागा आहे," तो म्हणाला. "म्हणजे रागावू नका. पण बेकार कोणी झालेलं नाही अजून."

बायकोने नळ बंद केला.

"सध्या तुम्ही काय करता, भावोजी?"

"काम शोधतो."

"दिवसभर?"

"दिवसभर."

"मग पूर्णवेळच झालं की ते."

"तुला जनाची नाही तर मनाची तरी?" बायको भावाला म्हणाली. "सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला चव्हाट्यावर बसवतोस."

पण कवळीवाल्याने विचार केला. कुठल्या का नावाने होईना, एकदा उभं राहायला मिळालं की झालं. सुरुवातीला चार वाक्यं बेकारीची टाकायची आणि तिथून हळूच दातांवर यायचं. मालक दुसऱ्या रांगेत असेल. त्याने एकदा कान देऊन ऐकलं, की आपल्याला काय येतं हे कळायला त्याला कॉम्प्युटर लागणार नाही. त्याने होकार दिला. शनिवारी बायकोने त्याचा शर्ट कडक इस्त्री करून ठेवला.

अध्यक्षांनी ओळख करून दिली. "आजचे वक्ते या क्षेत्रात तसे नवे आहेत," ते म्हणाले, "पण जे करतात ते मन लावून करतात." टाळ्या पडल्या. अध्यक्षांच्या पुढ्यात टेबलावर घंटी असायची. वक्ता आपला धंदा सोडून भरकटला, की ते ती वाजवायचे. एका भूगर्भतज्ज्ञाला त्यांनी घटस्फोटावरून तीनदा परत जमिनीत आणलं होतं.

"बेकार होण्याआधी," कवळीवाल्याने सुरुवात केली, "मी कवळ्या करायचो. कवळी करायची म्हणजे आधी…"

घंटी वाजली.

"विषयाला धरून," अध्यक्ष म्हणाले. "दात झालेत."

तो पाणी प्यायला. "बेकार माणसाला दाखवायचे दात वेगळे ठेवावे लागतात. आता वरच्या ओळीतले पुढचे दात बसवताना…"

घंटी वाजली. हॉलमध्ये कोणीतरी फिसकन हसलं.

तिसऱ्यांदा वाजली तेव्हा त्याने कुठलाच शब्द काढलेला नव्हता, नुसता खिशात हात घातला होता. खिशात रुमालात गुंडाळलेली एक कवळी होती, त्याच्या हातची. अध्यक्षांना एकंदर अंदाज आला असावा.

मग कवळीवाला चिडला. चिडल्यावर माणूस खरं बोलतो आणि खऱ्याला लोक हसतात, हे त्याला त्या दिवशी कळलं.

तो म्हणाला, बेकार झाल्यापासून मला मिनिटाची उसंत नाही. अख्ख्या बिल्डिंगच्या किल्ल्या माझ्याकडे आहेत. लोक म्हणतात, तुम्ही घरीच असता ना, म्हणून. सगळ्यांचे सिलिंडर मी घेतो, सगळ्यांची कुरिअरं मी घेतो, वरच्या मजल्यावरच्या म्हातारीचा पोपट मी सांभाळतो. तो पोपट मला विचारतो, काही जमलं का. त्याला हे कोणी शिकवलं नाही, बायकोचे नातेवाईक फोन करतात ते ऐकून शिकला. तो म्हणाला, सवय सुटत नाही म्हणून मी रोज सकाळी अंघोळ करून, बूट घालून कामावर जातो. तिथे आता गाद्यांचं दुकान आहे. मी ज्या कोपऱ्यात बसायचो तिथे एक डबल बेड आहे. पहिल्या दिवशी सेल्समन म्हणाला, पडून बघा साहेब. तेव्हापासून बघतोय. आता तो मला गिऱ्हाइकांना दाखवतो, की बघा, हे रोज येतात, यांची पाठ बघा.

लोक हसून हसून आडवे झाले. अंडीवाला आणि बिनअंडीवाला भाऊ एकमेकांना टाळी देताना दिसले. कवळीवाल्याचं लक्ष मात्र तोंडांकडे होतं. पुढच्या रांगेतल्या तीन कवळ्या त्याच्या हातच्या होत्या. अध्यक्षांचा वरचा संच तर त्यानेच बसवला होता, आणि इतकं गदगदून हसतानाही तो जागचा हलत नव्हता. मालकाने फक्त मान वळवून तिकडे बघायला हवं होतं. पण मालक डोळे मिटून हसत होता, आणि त्याचे सगळे दात स्वतःचे होते.

बिस्किटांच्या टेबलापाशी मालक स्वतःहून आला.

"अहो, काय बोलता तुम्ही. पोट दुखलं माझं."

"साहेब, मी मुळात कवळ्या…"

"माहीत आहे की. तुमच्या जुन्या लॅबचं काम पाहिलंय मी. हाताचा माणूस हवाच आहे मला. सोमवारी या."

कवळीवाल्याच्या हातातलं बिस्किट चहात पडलं. त्याने ते पडू दिलं.

"किंवा थांबा," मालक म्हणाला. "नदीपलीकडे माझ्या साडूचा क्लब आहे. फार भारी भारी वक्ते आणून आमच्यापुढे मिरवतो. पुढच्या महिन्यात तुम्हाला तिथे घेऊन जातो. त्याला म्हणावं, बघ. तोवर फक्त कामाला लागू नका."

"म्हणजे?"

"म्हणजे बेकार म्हणून न्यायचं आणि माणूस माझ्याच पगारावर निघायचा. साडू आहे हो तो. जन्मभर ऐकवेल. तेवढं होऊ द्या, मग या. जागा काय पळून जाते?"

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. "नाही म्हणायचं होतं," ती म्हणाली.

"आणि तो जागेला नाही म्हणाला असता तर?"

त्याच्याकडे दुसरा मालक नव्हता.

साडूच्या क्लबात भाषण पहिल्यापेक्षा रंगलं. साडूचं तोंड एवढंसं झालं आणि मालक परतीच्या वाटेवर गाडीत शीळ घालत होता. तिथे निवृत्त शिक्षकांचं एक मंडळ भेटलं. त्यांना पुढच्या पंधरवड्यात हवा होता. मग व्यापाऱ्यांची संघटना, मग कुठल्याशा बायकांचा गट. दर वेळी मालकच तारीख द्यायचा, "माझा शोध आहे हा" म्हणून पाठीवर हात ठेवायचा, आणि दर वेळी निघताना सांगायचा, "तेवढं होऊ द्या, मग या." व्यापाऱ्यांत एकाने शंका काढली, की हा गृहस्थ इतका हिंडतो तर वक्ता हाच याचा धंदा म्हणायचा, मग बेकार कसला? तेव्हा सोबत गेलेला मेव्हणा उभा राहिला आणि भावोजी पूर्णपणे बेकार असल्याची त्याने भर सभेत शपथ घेतली. सभागृहाला ते पटलं. कवळीवाल्यानेही मान डोलावली. न डोलावून सांगणार कोणाला?

पोपटाचा विनोद आता त्याला नेमका कुठे थांबून टाकायचा ते कळलं होतं. बोटं मात्र अवघडायला लागली होती. एकदा त्याने घरातली मेणबत्ती वितळवून हात चालतोय का ते पाहिलं. बायकोने दुसरी मेणबत्ती काढून दिली.

शेवटी एका सकाळी तो मालकाला न विचारताच लॅबवर गेला. काउंटरवरच्या मुलीने त्याला ओळखलं. तिच्या आईने बायकांच्या गटात त्याचं भाषण ऐकलं होतं. तिने त्याला थेट आत सोडलं.

खिडकीशी, उजेडाकडे तोंड करून मांडलेल्या टेबलापाशी एक टक्कल पडलेला माणूस बसला होता आणि मेणात दात बसवत होता. चाळिशीतला असावा. मान खाली घालून काम करत होता.

"या, या," मालक म्हणाला. "चहा सांगा रे यांना."

"ती जागा," कवळीवाला म्हणाला.

"वाट पाहिली हो तुमची. पण तुमच्या तारखा संपेनात. आणि काम थोडंच थांबतं? हा बरा आहे. बोलत नाही."

कवळीवाला उभाच राहिला. तारखा कोणी दिल्या हे विचारावं असं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण मालक इतका मनापासून हसत होता, की बहुधा त्याला आठवलंही नसतं.

"आलातच आहात तर एक काम करा," मालक म्हणाला. "या लोकांना दोन शब्द सांगा. सकाळी उशिरा येतात, विचारलं तर तोंड वर करून बोलतात. बाहेर काय असतं ते कळू दे जरा." आणि होकाराची वाट न बघता त्याने टाळी वाजवून यंत्रं बंद करवली.

सगळे आपापल्या जागेवर वळून बसले. कवळीवाल्याला निघून जाता आलं असतं, दार मागेच होतं. पण समोर माणसं गप्प होऊन बघायला लागली की त्याचं तोंड आता आपोआप सुरू व्हायचं. त्याने किल्ल्या सांगितल्या, पोपट सांगितला, गादी सांगितली. कोणी हसलं नाही. ते नीट, अगदी मन लावून ऐकत होते, आगीच्या वेळी कुठून बाहेर पडायचं ते सांगितल्यावर ऐकतात तसे. एकटा मालक तेवढा हसत होता.

यंत्रं पुन्हा सुरू झाली. चहा आला. टक्कलवाला माणूस आपल्या स्टुलावरून उठला आणि म्हणाला, "बसा."

कवळीवाला बसला. पुढ्यात अर्धवट कवळी होती, मेण अजून मऊ होतं. वरचे दोन दात लागले होते, तिसरा बाजूला पडला होता. त्याने चहा खाली ठेवला. हात आपण होऊन त्या दाताकडे गेला, दात चिमटीत धरला, मेणावर टेकवला आणि अंगठ्याने जरासा आत वळवला. टक्कलवाल्याने टेबलावरचा दिवा त्याच्या बाजूला सरकवला. कवळीवाल्याने चौथा दात उचलला.

"अहो, अहो, राहू द्या ते," मालक लगबगीने आला आणि त्याने त्याच्या हातातून दात काढून घेतला. "पाहुणे आहात तुम्ही. हात कशाला खराब करता?"