इस्त्रीखालचं सँडविच

डॉक्टरांनी जबड्याच्या तारा काढल्या, त्या दुपारी क्लॅरिनेटवाला घरी आला तो तोंड मिटूनच.

त्याच्या बायकोला, म्हणजे टेलरबाईला, वाटलं होतं की आता हा बोलत सुटेल. बँडच्या टेम्पोतून उतरताना पाय निसटून गडी हनुवटीवर आपटला होता. तेव्हापासून दातांवर दात बांधलेले. नळीनं सूप, नळीनं दूध, नळीनं फळांचा रस. मुळात बडबड्या माणूस, पण दीड महिना घरात त्याचा आवाज म्हणजे नुसतं ‘हं’ आणि ‘हंहं’.

“अहो, काहीतरी बोला की,” ती म्हणाली.

“काय बोलू?”

चिखलातून पाय ओढून काढावा तसे शब्द निघाले. मग तो खिडकीपाशी जाऊन बसला आणि खालच्या ओठावर बोट फिरवत राहिला.

त्या बोटाचं कारण टेलरबाईला ठाऊक होतं. मागच्या आठवड्यात तिची एक टाचणी सापडेना. शोधत ती आतल्या खोलीत गेली, तर हा आरशासमोर उभा. हातात तीच टाचणी, आणि तिच्या टोकानं स्वतःचा खालचा ओठ टोचून बघत होता. रक्ताचा ठिपका आला तरी चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. ती पाऊल न वाजवता मागे फिरली, मशीनवर बसली आणि एकच शिवण तीनदा उसवली. ओठ बधिर होता. क्लॅरिनेटच्या तोंडाशी असलेली फुंकायची पाती खालच्या ओठावरच टेकते; तिथं काही कळत नसेल, तर बोटं कितीही तयार असली तरी वाजवायचं कसं?

डॉक्टरांना आज तिनंच विचारलं होतं. ते म्हणाले, “नस दुखावली आहे. जागी होईल, किंवा नाही होणार. आज काही सांगता येत नाही.”

“बरं, खायला काय करू?” तिनं विचारलं. “मऊ खायला सांगितलंय. घास छोटे घ्यायचे.”

“सूपच देऊ,” वन्सं स्वयंपाकघरातून म्हणाल्या. वन्सं म्हणजे क्लॅरिनेटवाल्याची थोरली बहीण. अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी एक पिशवी आणि स्वतःची गाळणी घेऊन त्या येऊन थडकल्या होत्या, आणि तेव्हापासून घरातली प्रत्येक गोष्ट गाळून काढत होत्या.

“ताई, सूप नको.” त्यानं मान वर केली. “सँडविच. चीजचं. भाजलेल्या भाज्या घालून. गरम.”

तालमीनंतर बँडची सगळी मंडळी कोपऱ्यावरच्या टपरीत हेच खायची. टेलरबाईच्या जिवात जीव आला. निदान या माणसाला काहीतरी हवंसं तरी वाटलं!

“आ करा बघू,” म्हणत तिनं गळ्यातली टेप काढली.

“अगं, त्याला काय ब्लाउज शिवतेस?” वन्सं म्हणाल्या.

“जेवढं तोंड उघडतं तेवढंच सँडविच जाडीला हवं ना?”

तोंड जेमतेम बोटभर उघडत होतं. भाज्या भरलेलं फुगीर सँडविच तिथून आत जाणं शक्यच नव्हतं. ती कामाला लागली. ढोबळी मिरची, वांगं, टोमॅटो आणि कांदा चिरून, तेल-मीठ चोळून तिनं ओव्हनमध्ये ठेवलं. सोबत न सोललेल्या लसणाच्या चार पाकळ्याही टाकल्या. कडा काळसर झाल्यावर सगळं भांड्यात काढून वर झाकण घातलं. थोड्या वेळानं मिरचीची साल अस्तरासारखी अलगद सुटून आली. लसूण दाबला तर लोण्यासारखा बाहेर. जे जे दाताला लागलं असतं ते तिनं काढून टाकलं. पावाच्या कडा कात्रीनं कापल्या, काप लाटण्यानं चपटे केले, आतून तोच लसूण आणि बाहेरून लोणी लावलं. मधे भाज्यांचा एक पातळ थर आणि भरपूर किसलेलं चीज.

तव्यावर टाकणार इतक्यात ती थबकली. तव्यावर ते पुन्हा फुगलं असतं. वजन हवं, आणि उष्णताही. तिनं सँडविच फॉइलमध्ये नीट गुंडाळलं आणि उचलून थेट बाहेरच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलावर नेलं.

“इस्त्री?” वन्संचे डोळे कपाळाला गेले. “सँडविचला? उद्या मशीनवर भाज्या चिरशील!”

“कोटाची कॉलर बसते हिच्याखाली. पाव काय चीज आहे?”

“पाव पाव आहे, चीज चीज आहे,” वन्सं फणकाऱ्यानं म्हणाल्या, आणि खिडकीपाशी काहीतरी खुसखुसलं. तो हसत होता. जबडा दुखला म्हणून लगेच थांबला, पण हसला होता.

टेलरबाईनं जड इस्त्री दोन्ही हातांनी दाबून धरली. फॉइलमधून चुरचुर आवाज आला. तिनं पुडकं उलटलं, पुन्हा दाबलं. भाजक्या लोण्याचा वास कापडांच्या ढिगाऱ्यावरून सगळ्या घरात पसरला. फॉइल उघडलं, तर आत वहीच्या पुठ्ठ्याएवढं सपाट, सोनेरी सँडविच. तिनं त्याच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापल्या.

“निवू दे जरा,” वन्सं म्हणाल्या.

पण दीड महिन्याचा उपाशी माणूस कुठला ऐकतोय! त्यानं पट्टी उचलली, मान तिरकी करून दातांच्या फटीत सरकवली आणि हळूच चावली. वितळलेलं चीज बाहेर आलं आणि सरळ खालच्या ओठावर ओघळलं.

“आई गं!”

तो ताडकन उठला. बशी कलंडली.

“भाजलं ना? मी सांगत होते!” वन्सं पाण्याकडे धावल्या.

टेलरबाई मात्र जागची हलली नाही. तिचं लक्ष त्याच्या बोटाकडे होतं. ते ओठावर टेकलं होतं.

“कुठं?” तिनं विचारलं. “कुठं भाजलं?”

“इथं.” त्याचे डोळे भरून आले होते. “खालच्या ओठाला भाजलं गं! डावीकडे. चांगलंच भाजलं!”

ती शिवायला आलेल्या कपड्यांच्या गठ्ठ्यावर मटकन बसली. मग उठली, दोऱ्याचा एक तुकडा तोडला आणि म्हणाली, “डोळे मिटा.”

तिनं दोऱ्याचं टोक ओठाच्या डाव्या कडेला लावलं.

“आता?”

“हो.”

मधोमध लावलं. “आता?”

“हो. अंधुक. कुणी लांबून हाक मारावी तसं.”

उजवीकडे लावलं. “आता?” दोऱ्याचं टोक तिनं पुन्हा फिरवलं.

“तिथं नाही कळत,” तो शेवटी म्हणाला. “पण आतून मुंग्या येतायत. खरंच येतायत, तुझं मन राखायला म्हणत नाही.”

पाण्याचा पेला घेऊन दारात उभ्या असलेल्या वन्संनी ते पाणी स्वतःच पिऊन टाकलं. “म्हणजे रे?” त्यांनी विचारलं. “म्हणजे वाजवता येईल?”

“आज नाही, ताई. पण येईल.”

वन्संनी पदरानं नाक पुसलं, गाळणी आपल्या पिशवीत कोंबली आणि म्हणाल्या, “मग मलाही एक दे बाई त्या इस्त्रीखालचं. कडा कापू नकोस. माझे दात शाबूत आहेत.”

दुसरं सँडविच इस्त्रीखाली चुरचुरत होतं, तेव्हा तो बँडमास्तरांना फोन लावून बसला. गालात घास होता. पलीकडून “कोण बोलतंय? जरा स्पष्ट बोला!” असं तिसऱ्यांदा ऐकू आलं.

“अहो, मीच! तोंडात सँडविच आहे!” तो ओरडला, आणि मग एकदाचा सुरू झाला. टेम्पो, नळी, सूप, डॉक्टर, दोरा, सगळं एका दमात, अडखळत, चुकत, पुन्हा पहिल्यापासून.

टेलरबाईनं कलंडलेल्या बशीतली एक पट्टी उचलली. ती पार गार झाली होती, चीज घट्ट झालं होतं. इस्त्रीवरचा एक हात न काढता तिनं ती खाल्ली, सावकाश, त्याची बडबड ऐकत.