खुराड्यातले किडे

अंगाला खाज सुटली ती थंडीत, आणि मी लगेच कोंबड्यांना दोष दिला. परसातल्या खुराड्यात, ओल्या तुसावर मोहरीहून बारीक राखाडी किडे उड्या मारत होते. "पिसवा झाल्यात. त्याच मला चावतात," मी नवऱ्याला म्हणाले.

आमचे हे, धम्मपाल, ओझरच्या विमानांच्या कारखान्यात तपासनीस होते. जन्मभर दुसऱ्यांच्या कामातली खोट काढली, रिटायर झाल्यावर माझ्या भाकरीतली काढू लागले. भिंग घेऊन खुराड्यापाशी उकिडवे बसले. पांढऱ्या फडक्यावर किडे घेतले, अंगठ्यानं चिरडले आणि फडकं माझ्या नाकासमोर धरलं.

"लाल डाग पडला का? नाय ना? रक्त पिणारे असते तर पडला असता. हे ओल्यातली बुरशी खातात. निरुपद्रवी हायेत."

"मग मला काय तुम्ही चावता?"

दोघंही हसलो. पण खाज हसण्यावारी जाईना. मी उलथन्यानं पाठ खाजवायचे, तळपाय फरशीवर घासायचे. रोजचं भांडण तेच. मी म्हणायचे पिसवा, ते म्हणायचे फडकं बघ. डॉक्टरकडे जावं हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. हट्टाला हट्ट भेटला की असंच होतं.

मग लेक स्नेहा सायखेड्याहून आली आणि उंबऱ्यातच थबकली. "मम्मी, तुझे डोळे किती पिवळे झालेत!" रोज बघणाऱ्याला रंग दिसत नाही.

नाशकात तपासण्या झाल्या. स्वादुपिंडात गाठ होती, तिनं पित्ताची वाट अडवली होती, म्हणून ती खाज. गाठ यकृतापर्यंत पसरली होती. पुढच्या दिवाळीपर्यंतचं काही सांगता येत नाही, डॉक्टर म्हणाले. मला फार भीती वाटली. हे मात्र रिपोर्ट उलटसुलट करून वाचत होते, कुठं खोट सापडते का म्हणून. सापडली नाही.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी हे चहा न घेताच परसात गेले. बऱ्याच वेळानं आले ते फडकं पुढे करून.

"सरू, तुझंच खरं. हे बघ, लाल. चावणारेच हायेत. मीच चुकलो. खाज त्यांचीच. डॉक्टरला काय कळतंय?"

फडक्यावर ओला, लालभडक ठिपका होता. यांनी अंगठा मुठीत दाबून धरला होता, आणि मुठीतून रक्त मनगटाकडे ओघळत होतं.

नोकरीत एकदाही खोटा शिक्का न मारलेला माणूस. हा कधीतरी "चुकलो" म्हणेल, याची मी लग्नापासून वाट बघत होते. आता म्हणाला, तर मला ऐकवेना. साप नाही हे ठाऊक असून भुई धोपटायला निघाला होता.

मी फडकं उजेडात धरून नीट पाहिलं.

"तरी मी म्हणतच होते," मी म्हणाले. "उद्या तूस बदला, औषध मारा."

"मग जाईल ना खाज?"

"जाईल," मी म्हणाले, आणि त्यांच्या अंगठ्याला लावायला हळद आणायला उठले.