आबा टीव्हीत नव्हते, माझ्यात होते

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे, मित्रांनो, आणि मी संतापले आहे! कोपरे झिजलेत, पाठीवर ओरखडा आहे, पण राग मात्र कोरा करकरीत आहे.

सात वर्षांपूर्वी लातूरच्या आनंदराज सरांनी मला घरी आणलं. घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमधले व्हिडिओ माझ्या पोटात भरले आणि माझी वायर वायफायच्या डबीत खोचली. समोरच्या भिंतीवर स्मार्ट टीव्ही. त्याच्या-माझ्यात एकही वायर नाही! रिमोट दाबला की मी इकडून व्हिडिओ सोडायचे, तो तिकडे दाखवायचा. कौतुक मात्र त्याचंच! "काय टीव्ही हाय!" म्हणायचे पाहुणे. मी कपाटामागे धूळ खात गप्प.

रविवारी दुपारी जेवणं उरकली की सरांची आई नागुबाई चष्मा पुसून बसायची आणि नातीला म्हणायची, "धम्मे, लाव गं तुझ्या आबाला." आबा म्हणजे नागुबाईचे मालक, पंढरी. मुदखेड जंक्शनला पॉइंट्समन होते. दोन वर्षांपूर्वी वारले. माझ्यातल्या एका व्हिडिओत ते हातात लाटणं धरून, गाडीचा रूळ कसा बदलायचा ते दाखवायचे आणि स्वतःच खो खो हसायचे. त्यांचा आवाज जगात तेवढाच उरला होता. नागुबाई टीव्हीलाच दटावायची, "पुरं करा आता, लाटणं मोडंल!"

मग धम्मप्रिया अकरावीत गेली. क्लासचे रेकॉर्ड केलेले लेक्चर ठेवायला जागा हवी होती. सरांनी मला लॅपटॉपला जोडलं, सगळे व्हिडिओ निवडले आणि पुसले. कुणाला विचारलं? कुणालाच नाही! वर दोनशे तासांचं फिजिक्स कोंबलं.

त्या रविवारी पडद्यावर फळ्यापुढचे कुणी सर उगवले.

"ह्यो कोन बाबा?" नागुबाई म्हणाली.

धम्मप्रिया किंचाळली, "पप्पा, आबा कुठं गेले?"

"टीव्हीत असतील की. इतकी वर्षं त्यातच बघत आलो ना? डिस्कची वायर तर त्याला कुठं न्हाई."

"टीव्ही नुसता दाखवतो! सगळं डिस्कमध्ये होतं!"

"तुझ्या अभ्यासासाठीच केलं ना, बेटा."

"मी मागितलं होतं का?"

शाब्बास पोरी! मला तर नाचावंसं वाटलं.

दुरुस्तीवाल्या बसवराजने चार दिवस माझ्याशी झटापट केली. "नुसतं पुसून थांबला असता तर निघालं असतं, सर. वरून भरलं, तिथं खेळ संपला." वाढदिवसाचे केक परत आले, गॅदरिंगचा नाच आला. आबा आले नाहीत.

आणि नागुबाईला काय सांगितलं? "दुरुस्तीला टाकलंय, माय." तीन रविवार हेच! चौथ्या रविवारी धम्मप्रियाने रिमोट लपवला. "पप्पा, आज खरं सांगा. न्हाईतर मी सांगते."

सर आईपुढे खाली बसले. "माय, ते पुसलं गेलं."

"गेलं न्हाई, पप्पा. कुणी पुसलं?"

"मी पुसलं, माय."

नागुबाईने चष्मा काढून ठेवला. "चेहरा ध्यानात हाय रे. आवाजच इसरत चालले व्हते, म्हणून तर लावा म्हणायची."

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. मी यंत्र आहे, कधीतरी बिघडणारच. पण माझ्या पोटातल्याची दुसरी प्रत करा, आजच करा! आणि पुसायचं बटण दाबण्याआधी, त्यातलं माणूस ज्याचं आहे त्याला विचारा. मला ओरडायला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे!